अंदाजे वय चाळीस

कुठल्याही जुन्या सालाची गोष्ट निघाली की मावशी आधी तळहात खाली करून हवेत धरायच्या. कधी गुडघ्याशी, कधी कमरेशी, कधी छातीशी. मग म्हणायच्या, "एवढी हुते मी." सन आणि तारीख या त्यांच्या मते कॅलेंडर छापणाऱ्यांच्या पोटापाण्याच्या गोष्टी होत्या. दीक्षेच्या साली हात बरगडीशी असायचा. चीनच्या लढाईच्या साली तो डोक्यावर जायचा. त्यापुढच्या सालांना हात चालत नसे, कारण मावशींची उंची तिथंच थांबली होती. "मंग फकस्त देस वाढत ऱ्हायला," असं म्हणून त्या कपबश्या विसळायला लागत.

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका फॅक्टरीत मी पर्सोनेल खात्यात कारकून म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मावशी तिथल्या कॅन्टीनमध्ये होत्या. अशी एक मावशी तुमच्याही ऑफिसात असणार. तिच्या हातचा चहा आपण वर्षानुवर्षं पितो, घरच्या भानगडी तिच्यापाशी ओकतो, आणि तिचं नाव कुणी विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मला मावशींचं नाव ठाऊक होतं, कारण त्यांची फाईल माझ्या कपाटात होती. ते इथं सांगत नाही. ते नाव पुरतं त्यांचंही नव्हतं, पण ती गोष्ट पुढे येईल.

माझ्यापुढे टेबल होतं म्हणून त्या मला साहेब म्हणत. साहेब टेबलाला म्हणतात, मला नव्हे, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आणून दिलं. एकदा मी टेबल सोडून कॅन्टीनमध्ये पालथ्या घातलेल्या डब्यावर जाऊन बसलो, तर म्हणाल्या, "बस दादा, चा घे." टेबलाशी परत गेलो की पुन्हा साहेब.

जेवणाची सुट्टी संपल्यावर कॅन्टीनमध्ये अर्धा तास सामसूम असे. तेवढ्यात मावशी बोलून घेत. माझ्यासारख्या शाळेत इतिहास पाठ केलेल्या माणसाला त्यांचं बोलणं ऐकताना जरा अवघडल्यासारखं व्हायचं. आपण ज्या गोष्टी धड्यात वाचल्या त्या एखाद्या बाईच्या अंगावर पडल्या होत्या, हे लवकर ध्यानात येत नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. देवळाली प्रवरेच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यातलं त्यांचं गाव. शाळेपुढे पेढे वाटले गेले. यांच्या वस्तीतली माणसं वेगळ्या रांगेत उभी होती, त्यामुळे त्यांच्या पदरात पेढा वरून टाकला गेला. मावशींच्या आईचा पेढा पदर चुकवून मातीत पडला. आईनं उचलला, फुंकर मारली आणि लेकीच्या तोंडात घातला. हे आईनंच त्यांना पुढे सांगितलं होतं, पण मावशी ते स्वतः आठवत असल्यासारखं सांगत. "म्हनून स्वातंत्र्याची चव मला इचारू नका," त्या म्हणत. "कचकच लागती."

दीक्षेची गोष्ट तर त्या कितीदा तरी सांगत, आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबत. वडील नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि आल्या पावली देव्हाऱ्यातले चांदीचे टाक फडक्यात बांधून प्रवरेच्या डोहाकडे निघाले. बरगडीएवढ्या मावशी मागे धावल्या. देवांना पोहता येतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. बाप म्हणाला, आता कळंल. एकही वर आला नाही. बाप बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. घरी येऊन त्यानं देव्हाऱ्याची भिंत चुन्यानं पांढरी केली. मावशींची आई मात्र आठवडाभर त्या भिंतीपुढून जाताना वाकून जायची, सवयीनं. दोनच महिन्यांनी ज्यांनी दीक्षा दिली तेच गेले आणि अख्खी वस्ती रडली. त्या दिवशी पोरीनं कुणाला काही विचारलं नाही. एवढं सांगून झालं की मावशी माझा रिकामा कप ओढून घेत.

पुढे एकदा देशात धान्य कमी पडलं. दिल्लीहून आवाहन झालं की सोमवारी एक वेळ जेवू नका. गावात रेडिओ पंचायतीच्या ओट्यावर असे, तिथं उभं राहून सगळ्यांनी ऐकलं. मावशींचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. "सोमवारचं जमलं," त्या मला म्हणाल्या. "बाकीच्या वारांची आमाला आधीच सवय हुती."

असं हे बोलणं. त्यात कुणाची भीडभाड नसे. आमच्या पर्सोनेल मॅनेजरांचीही नसे. हे गृहस्थ पुण्याहून आलेले, गळ्यात टाय, स्वभावानं वाईट नव्हते. आपण चुकून कुणाच्या भावना दुखावू अशी त्यांना सतत धास्ती असे, म्हणून ते कुणाशीच धड बोलत नसत. मावशींशी मात्र त्यांना बोलावंच लागे, कारण चहा.

गणपती दूध प्यायला लागला तो सप्टेंबर तुम्हाला आठवत असेल. सकाळी कुणाच्या तरी घरून फोन आला आणि बातमी शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, पसरली. फॅक्टरीच्या गेटपाशी छोटं गणपतीचं देऊळ होतं. लेथवरची माणसं गेली, पॅकिंगची गेली, सुपरवायझर त्यांना बोलवायला म्हणून गेले आणि रांगेत उभे राहिले. दूध कुठून आणणार, तर कॅन्टीनमधून. वाट्या, पेले, चमचे, सगळं गेटवर गेलं. दहाच्या सुमाराला मॅनेजर स्वतः स्टीलचा पेला घेऊन आले आणि मावशींनी कॅनच्या बुडाशी उरलेलं दूध त्यांच्या पेल्यात निथळून दिलं.

अकराला चहाचा भोंगा झाला. मावशींनी मला बोलावलं आणि फळ्यावर लिहायला सांगितलं. मी त्यांच्या सांगण्याबरहुकूम लिहिलं: आज दूध देवाला गेले आहे. चहा कोरा मिळेल.

मॅनेजरांनी फळा वाचला. हे कुणी लिहिलं म्हणाले. अक्षर माझं असल्यामुळे मी खाली बघितलं. मावशींनी शांतपणे विचारलं, देव प्याला का. मॅनेजर म्हणाले, प्यायला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "मंग त्याला सांगा," मावशी म्हणाल्या, "उंद्यापून रतीब त्यानंच घालावा."

मॅनेजरांनी कोरा चहा घेतला, अर्धा प्यायला आणि साखर मागितली.

पुढच्या वर्षी परदेशी कंपनीशी भागीदारी झाली. देश खुला झाला, देश खुला झाला असं पेपरात चार-पाच वर्षं येत होतंच. आमच्या फॅक्टरीपर्यंत तो खुला होत आला तेव्हा पहिलं फर्मान निघालं ते माणसं कमी करण्याचं. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होणाऱ्यांची यादी करा, एक दिवसही जास्त ठेवायचा नाही. यादी करायला मी बसलो. आमच्याकडे निम्म्या फॅक्टरीची जन्मतारीख एक जून होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलेलं. ज्यांनी शाळाच बघितली नाही त्यांच्या फायलीत नोकरीला लागतानाचा डॉक्टरचा दाखला होता. मावशींच्या फायलीत तसाच एक दाखला होता, अठरा वर्षांपूर्वीचा. त्यावर डॉक्टरनं लिहिलं होतं: अंदाजे वय चाळीस.

चाळीस आणि अठरा. मावशी त्या डिसेंबरात घरी जाणार होत्या.

दाखल्याला फोटो टाचलेला होता. गालफडं बसलेली, डोळे खोल, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. ती बाई कॅन्टीनमधल्या मावशींची आई शोभली असती. अठरा वर्षं मागं जाऊन माणूस म्हातारं कसं दिसतं, हे मला कळेना. मी फाईल घेऊन कॅन्टीनमध्ये गेलो, डब्यावर बसलो आणि फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि बराच वेळ फोटोकडे पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. सरकार सुकडीचा गोड भुगा द्यायचं आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली की फाटायची. पहिला मुलगा त्याच सालात गेला, खडीच्या ढिगाशेजारी झोळीत. तो वर्षाचाही नव्हता. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मुलगी झाली. मग आणीबाणी आली, आणि नसबंदीची गाडी गावोगाव फिरायला लागली. नवरा गाडीला भिऊन उसात पळाला. "ऊस तुटला, गाडी गेली, सरकार बी गेलं," मावशी म्हणाल्या. "त्यो अजून पळतोय." मुलीला घेऊन त्या नगरला आल्या, बांधकामावर राबल्या आणि मग इथं लागल्या. डॉक्टरनं दात बघितले, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि एक आकडा लिहिला.

"त्यानं माजं वय न्हाई लिवलं दादा," त्या म्हणाल्या. "दुष्काळ लिवला."

मी हिशेब मांडला. दीक्षेच्या साली बरगडीएवढी, म्हणजे नऊ-दहा वर्षांची. म्हणजे आता पन्नास. डॉक्टरनं आठ वर्षं वाढवून लावली होती. मावशींना निवृत्तीचं भय नव्हतं. मुलगी शहरातल्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती आणि तिची दोन वर्षं राहिली होती, तेवढं पार पडायला हवं होतं. पण त्याहून त्यांना राग होता तो भलताच. म्हातारी व्हायला माझी ना नाही, पण माझी मी होईन, तो डॉक्टर कोण, असं त्या सारखं म्हणत होत्या.

जन्माची नोंद मिळाली तर वय दुरुस्त होईल असा नियम होता. मी तो शोधून काढला, आणि एका शनिवारी सुट्टी टाकून आम्ही दोघं एसटीनं तालुक्याच्या कचेरीत गेलो. वाटेत मावशींनी मला खिडकीची जागा दिली नाही.

दप्तरखान्यात लाल फडक्यात बांधलेली गावोगावची जुनी रजिस्टरं होती. त्यातली बरीच मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त कारकून आठवड्यातून एक दिवस येऊन बसत. तो दिवस आमच्या नशिबानं शनिवार होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कारण मोडी त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसे, आणि गावाचं नाव, बापाचं नाव विचारून पानं उलटायला सुरुवात केली. सत्तेचाळीस, शेहेचाळीस, पंचेचाळीस. काही नाही. पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं. काही नाही.

मावशींना एकाएकी आठवलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गावातल्या जन्ममृत्यूची खबर चावडीवर द्यायचं काम वस्तीतल्या घरांकडे पाळीपाळीनं असे. त्या सालात पाळी त्यांच्याच बापाची होती. त्यानं सगळ्या गावाच्या पोराबाळांची खबर दिली. घरची द्यायची राहिली.

मोडीवाले आजोबा हसले नाहीत. असं होतं, म्हणाले, आणि सवयीनं आणखी मागची पानं चाळत राहिले. बेचाळीस सालाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वाचून दाखवलं. मावशींच्या वडिलांचं नाव, गाव, जात, आणि पुढे: यांस मुलगी झाली. मुलीचं नाव लिहायला रकानाच नव्हता.

मी आनंदलो. बेचाळीस म्हणजे चोपन्न. खरं नसलं तरी अठ्ठावन्नापेक्षा खऱ्याच्या जवळचं. चार वर्षं मिळत होती. मी मावशींकडे बघितलं तर त्या भिंतीकडे बघत होत्या.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही भेळ घेतली. त्यांनी खाल्ली नाही. कागदाची पुडी हातात धरून त्या म्हणाल्या, ती मी न्हाई. माझ्या आधीची. आईला झालेली पहिली मुलगी, तीन वर्षांची होऊन पटकीच्या साथीत गेली. आईनं पुढच्या मुलीला तिचंच नाव ठेवलं. मावशींना लहानपणी कुणी हाक मारली की आई कधी कधी दाराकडे बघायची, आणि मग यांच्याकडे.

बेचाळीस म्हणजे इंग्रजांना चले जाव म्हणायचं साल, एवढं मला आठवलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी ते बोललो. मावशींनी भेळेची पुडी माझ्या हातात दिली.

"लई ऐकनारी आसंल बिचारी," त्या म्हणाल्या. "लोकं इंग्रजाला म्हनत हुती. हीच गेली."

त्या हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बसल्या. मी दोन्ही पुड्या धरून बसलो. माझ्या नोकरीत कर्मचाऱ्यानं असं केलं तर काय करावं याचा कुठलाही नियम नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, बहिणीचं साल माझं म्हणून लिहायला तुम्हाला खोटं वाटंल का. मी म्हणालो, मावशी, तीन वयं झाली. डॉक्टरचं आहे ते खोटं आणि त्याच्यावर शिक्का आहे. बहिणीचं आहे ते तिच्यापुरतं खरं. तुमचं आहे त्याला कागद नाही. यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगा.

"नाव तिचं घेतलंच हाय," मावशी म्हणाल्या. "वय बी घेते. तिला कुटं लागतंय आता."

आत जाऊन आम्ही नकलेचा अर्ज दिला.

नक्कल हातात आल्यावर मॅनेजरांपुढे चौकशी झाली. चौकशी म्हणजे त्यांची केबिन, मी टिपणं घेणार, मावशी उभ्या. मॅनेजरांनी बसा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, बसले की गुडघा उठू देत न्हाई, आणि हे वयाच्या चौकशीत बोलायला नको होतं हे लक्षात येऊन त्या एकदम ताठ झाल्या. मॅनेजरांनी कागद वाचला. वडिलांचं नाव जुळत होतं. गाव जुळत होतं. मग त्यांनी टायची गाठ सैल केली आणि मला ज्याची भीती वाटत होती तोच प्रश्न विचारला. कागदावर मुलीचं नाव नाही. तुम्हाला बहिणी होत्या का.

खोटं बोलणं मावशींना सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर काम झालं होतं. मी पेन कागदावर टेकवून थांबलो.

"हुती एक," मावशी म्हणाल्या.

मोठी की धाकटी, मॅनेजरांनी विचारलं.

"साहेब, आमी दोघी, नाव एक. त्यातली एक जगली. कोनती ते आईला म्हाईत, आनि तिला बी कधी कधी समजत नसायचं."

मॅनेजरांनी टायची गाठ पुन्हा घट्ट केली. मला वाटतं, नोकरीत आल्यापासून त्यांना कुणी इतकं खरं उत्तर दिलं नव्हतं, आणि ते कुठल्या रकान्यात भरायचं हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग माझ्याकडे. मी टिपणात लिहिलं होतं: कर्मचाऱ्याने नोंदीची नक्कल सादर केली. त्यांनी तेवढंच वाचलं आणि खाली सही केली.

वय दुरुस्तीचं पत्र मीच टाईप केलं. मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जन्मतारीख मिळाली होती, श्रावणातली कुठलीशी. शॉपमधल्या पोरांना हे कळल्यावर त्यांनी त्या तारखेला मावशींचा वाढदिवस करायचं ठरवलं, हार आणला, केक आणला, वर मेणबत्त्या. टीव्हीवर केबल आल्यापासून सगळ्यांचे वाढदिवस असेच व्हायला लागले होते. मावशींनी हार घालून घेतला. फुंकर मारायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी मेणबत्त्या तशाच जळू दिल्या. इझवायच्या कशाला, म्हणाल्या, आणि केकचे तुकडे मेणबत्त्यांच्या कडेकडेनं कापून वाटले. पोरांना वाटलं मावशींना रीत माहीत नाही. मेण केकवर ओघळलं, ते आम्ही बाजूला काढून खाल्लं.

अशी दोन वर्षं गेली. मुलीचा कोर्स पुरा झाला, देवळाली प्रवरेच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. त्याच सुमाराला आमच्या कॅन्टीनमध्ये चहाचं यंत्र आलं. बटण दाबलं की कागदी कपात चहा. मावशींना त्या यंत्राशेजारी स्टुलावर बसवलं आणि कप संपले की कप ठेवायचं काम दिलं. त्या चार दिवस बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी यंत्रातला चहा घेतला, एक घोट तोंडात धरला, मोरीत थुंकला आणि माझ्या टेबलाशी येऊन राजीनामा लिहायला सांगितला.

मला वाईट वाटलं. रागही आला थोडा. मी म्हणालो, मावशी, एवढा खटाटोप करून चार वर्षं मिळवली, त्यातली अजून दोन बाकी आहेत.

"दोन वापरली," त्या म्हणाल्या. "दोन तिची तिला परत."

मग अंगठा की सही असं मी विचारायच्या आत त्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली. मुलीनं शिकवली होती. ते नाव लिहिताना त्यांना बराच वेळ लागला, आणि त्या वेळात मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते नगरला तारकपूरच्या स्टँडवर. त्या मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या आणि मी पोचवायला गेलो होतो. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं आणि कॅन्टीनमधलं जुनं पातेलं, जे त्यांना निरोपाचं म्हणून कुणी दिलं नव्हतं. पेटी मी वर चढवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. उन्हाळा होता, गाडी भरलेली होती. कंडक्टर तिकिटं देत त्यांच्यापाशी आला.

"एक हाफ द्या," मावशी म्हणाल्या. "पासष्टच्या वर हाय मी."

फाईलप्रमाणे त्या साठच्या होत्या. दुरुस्त फाईलप्रमाणे छप्पन्न. खऱ्या होत्या बावन्नच्या, आणि त्या दिवशी, नवं लुगडं नेसून, पंचेचाळीसच्या दिसत होत्या. कंडक्टरनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दाखला मागितला.

"माजं वय ठरवनारा सायेब खाली हुबा हाय," मावशी म्हणाल्या. "त्याला इचारा."

कंडक्टर खिडकीतून वाकला. मी तोवर सात-आठ वर्षं पर्सोनेलमध्ये काढली होती. हजारभर फायली तपासल्या होत्या आणि एकाही कागदावर पडताळल्याशिवाय सही केली नव्हती. मी म्हणालो, "पासष्ट पूर्ण. मार्चमध्ये झाले."

कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. गाडी सुरू झाली, धुराचा लोट माझ्या अंगावर आला. मावशींनी मागं वळून पाहिलं नाही, कारण त्यांना दुसरं काम होतं. पातेलं मांडीवर घेऊन त्या शेजारी ऐसपैस बसलेल्या एका तरण्याताठ्या बाईला कोपरानं ढोसत होत्या, आणि गाडी स्टँडच्या बाहेर वळेपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, "सरक गं बाई जरा. म्हातारं मानूस हाय."